तुळजाबाईंचं पाणी साफ आलं

गोळीबार चौकाच्या मागे आमच्या गल्लीत तेव्हा घरोघरी माग होते. लुगड्याच्या किनारीतला लाल धागा पाहून कोणीही सांगत असे, हा तुळजाबाईंच्या हंड्यातला. तुळजाबाई म्हणजे माझ्या नणंद, आमच्या घरच्यांच्या मोठ्या बहीण. लहानथोर सगळे त्यांना अक्का म्हणत.

अक्कांना उमरेडला दिलं होतं. मूलबाळ झालं नाही म्हणून नवऱ्याने दुसरी आणली. त्यावर अक्कांनी रडारड केली नाही. कपड्यांचं एक गाठोडं आणि लग्नात बापाने दिलेला रंगाचा तांब्याचा हंडा घेऊन त्या दुपारच्या मोटारीने नागपूरला निघून आल्या. हे त्या हसत सांगायच्या. "त्याले म्हटलं, बायको तुले नको तर नको, पण हंडा माझ्या बापाचा आहे. मोटारवाला म्हणे, हंड्याचं तिकीट लागन. म्हटलं, नवऱ्याची जागा खाली आहे ना, तठी ठेव."

मी लग्न होऊन आले तेव्हा परसात चूल पेटलेली, हंड्यातून वाफ निघालेली, आणि अक्का काठीने सुताच्या लड्या वरखाली करत उभ्या. हात कोपरापर्यंत लाल. मला वाकून नमस्कारही करू दिला नाही. "दूर राह्य वं, शालू खराब होईन. माझा लाल एकदा बसला की तुझ्या सासऱ्याच्या बापाच्यानंही निघणार नाही."

त्यांचं काम मी मग वर्षानुवर्षं पाहिलं. कोऱ्या सुताला जात्याच मेण असतं. पाण्यात टाकलं तर ते तरंगत राहतं, भिजत नाही. म्हणून आधी सोडा टाकून उकळून ते मेण काढायचं. मग रंग, मग त्याच हंड्यात उकळत्या पाण्याची धुणी. एक पाणी, दुसरं पाणी, तिसरं पाणी. पितळेच्या परातीत लडी पिळून त्या शेवटचं पाणी उन्हात धरायच्या. पाणी साफ आलं की हंडा उतरवायचा. त्यापुढे एक क्षणही लडी उकळू द्यायची नाही. जास्त उकळलं की सूत मरतं, मागावर चढवलं की तुटतं. बापाने शिकवलेली ही गोष्ट त्या देवाच्या नावासारखी पाळायच्या. गल्लीतल्या कोणाला लडी देताना तोंडाने पक्क्या रंगाची हमी कधी दिली नाही. नुसतं म्हणायच्या, "पाणी साफ आलं." तेवढं पुरे असे.

आमच्या घरच्यांनी माग केव्हाच सोडला होता. ते वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला जात. घर त्यांच्या पगारावर चालायचं आणि तसं अक्कांनी काम नाही केलं तरी कोणी काही म्हणणार नव्हतं. पण अक्कांच्या मनात एक होतं. एकदा पोळ्या लाटता लाटता मी म्हटलं, "अक्का, उन्हाळाभर तरी चूल बंद ठेवा ना." तर म्हणाल्या, "ज्या दिवशी हंडा थंडा झाला, त्या दिवशी मी या घरात पाहुणी."

"असं काहून बोलून राहिली वं अक्का?" आमच्या घरच्यांना फार लागलं होतं ते.

"तू नको मनावर घेऊ देवाजी. तू भाऊ चांगलाच आहे. पण मी एकदा पाहुणी होऊन पाह्यलं, उमरेडले. पुन्हा नाही होत."

खोकला एकोणसत्तरच्या हिवाळ्यात सुरू झाला. धूर आणि सोड्याची वाफ रोजचीच, म्हणून कोणी फार लक्ष दिलं नाही. ज्येष्ठमध झालं, अडुळसा झाला. अक्का वाळत चालल्या होत्या, संध्याकाळी अंग तापत होतं. पण रंगाचं काम करणाऱ्या बाईच्या पदराला लाल डाग असणारच. तोंड पुसलेल्या पदरावर आणखी एक लाल डाग पडला तर तो कोणाला दिसणार?

मला तो दिसला धुताना. अक्कांची लुगडी मीच धुवायची. त्यांच्या लुगड्यावरचे डाग कधी जात नसत, मी ते घासतही नसे. त्या दिवशी थंड पाण्यात पदर बुडवला आणि एक डाग विरघळू लागला. पाण्यात तांबूस धार निघाली आणि पसरली. माझे हात तिथेच थांबले. अक्कांचा लाल कधी पाण्यात उतरत नाही. हा उतरत होता.

ओलं लुगडं तसंच घेऊन मी परसात गेले. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, लुगड्याकडे पाहिलं.

"रंग आहे वं," म्हणाल्या.

"अक्का, तुमचा रंग उतरतो का?"

त्यांनी काठी हंड्याला टेकवून ठेवली आणि चुलीतली लाकडं एकेक करून बाहेर ओढली.

टीबीच्या दवाखान्यात त्यांना मीच घेऊन गेले. थुंकी तपासायच्या खोलीत कृष्णकांत म्हणून एक गृहस्थ होते. कन्हानकडचे, सडपातळ, बोलायला मोकळे. त्यांच्या बोटांची टोकं गुलाबी-लाल होती. अक्कांची नजर पहिली तिथेच गेली.

"तुम्ही पण रंगारीच का जी?"

ते हसले. "रंगारीच म्हणा ना अक्का. तुम्ही काय रंगवता?"

"सूत."

"मी लोकाइची थुंकी रंगवतो. गिऱ्हाईक दोघाइलेही भेटते."

दुसऱ्या दिवशी निकालाला गेलो तेव्हा गर्दी नव्हती. अक्का त्यांच्या टेबलावरची बाटली निरखून पाहत होत्या. बाटलीच्या तोंडाशी सुकलेला थेंब त्यांनी ओल्या बोटाने टिपला, पदराच्या टोकावर घासला, आणि एकदम म्हणाल्या, "हा तर मजेंटा होय!"

"बाटलीवर तर फुक्सिन लिहिलं आहे."

"लिहिलं असन. मजेंटाच आहे." आणि मला सांगू लागल्या, जणू आम्ही इतवारीच्या बाजारात रंग घ्यायला आलो होतो. "हा रंग म्हणजे आमच्या उमरेडवाल्यासारखा वं. दिसायले झकपक, अन् पहिल्या धुण्यात घर सोडून जाते. मी कधी हंड्याजवळ येऊ दिला नाही." मग कृष्णकांतभाऊंना म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या दवाखान्यात असा कच्चा रंग काहून वापरता जी?"

कृष्णकांतभाऊंनी खुर्ची ओढून दिली. त्यांनी जे सांगितलं ते मी त्याच दिवशी घरी आल्यावर लिहून ठेवलं, म्हणून आजही जवळजवळ त्यांच्याच शब्दांत सांगता येतं.

"तीच तर गंमत आहे अक्का. काचेवर थुंकी वाळवतो, त्याच्यावर हा रंग ओततो, अन् खालून आच देतो. वाफ निघाली पाह्यजे, उकळी नाही. मंग थंड करतो अन् वरतून तेजाब, म्हणजे ॲसिड, टाकतो. सगळ्याचा रंग उतरून जाते. थुंकीचा उतरते, दुसऱ्या जंतूंचा उतरते. फक्त एका जातीचा उतरत नाही. तुमचा हा कच्चा मजेंटा त्याच्यावर असा बसते का तेजाबानंही निघत नाही. मंग बाकी सारं निळ्यात रंगवून घेतो म्हणजे लाल तेवढे वेगळे दिसतात."

"मजेंटा पक्का बसते?" अक्कांचा विश्वास बसेना. "कोण्या चिजेवर?"

"मेणावर. या जंतूच्या अंगावर एकावर एक थर राहतात, भिंतीसारखे. वरचा थर चरबट, मेणासारखा. पाणी याच्यावर टिकत नाही. साधा रंग आत जात नाही. आच दिली का मेण थोडं नरम होते अन् रंग आत शिरते. थंड झालं का दार बंद. मंग तेजाबाले आत जायले वाट कोठी आहे?"

अक्का मान हलवत होत्या. मला अर्धंच कळलं होतं. त्यांना पूर्ण कळलं होतं, चेहऱ्यावरच दिसत होतं. मेण त्यांच्या रोजच्या ओळखीचं होतं.

"दाखवता का मले?"

कृष्णकांतभाऊंनी टेबलावरच्या सूक्ष्मदर्शक दुर्बिणीची नळी ठीक केली. अक्कांनी एक डोळा मिटून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मलाही पाहू दिलं. निळ्या जमिनीवर लाल, बारीक, किंचित वाकलेल्या काड्या. कोणी जिरं सांडावं तशा, पण जिऱ्याहून कितीतरी बारीक.

"एवढुशा?" अक्का म्हणाल्या. "याच्यासाठी एवढी खोकून राहिली मी?"

"त्या मेणाचाच सारा खेळ आहे," भाऊ म्हणाले. "आपल्या रक्तातले शिपाई याले गिळतात, पण पचवता येत नाही. मेण कोणाले पचते? औषधही आत सावकाश झिरपते. अन् याइच्यातले काही झोपून राहतात भिंतीच्या आत. झोपलेल्यावर औषधाचं काही चालत नाही, ते उठून वाढायले लागले तेव्हाच मरतात. म्हणून दीड वर्ष लागते अक्का. सुया आधी, गोळ्या शेवटपर्यंत. मधात सोडाचं नाही."

"नाही सोडत," अक्का म्हणाल्या.

औषध सुरू झालं. अक्कांची गादी पडवीत गेली. ताट, पेला, तांब्या वेगळा झाला. तो त्यांनी स्वतःच वेगळा केला, कोणाला म्हणायची वेळ येऊ दिली नाही. माझी अरुंधती तेव्हा पाच वर्षांची होती. तिचा जीव आत्यावर. ती सारखी पडवीकडे धावायची आणि अक्का काठी आपटून तिला परत पाठवायच्या. "जा तिकडं! इथं वाघ आहे!" पोरगी हसायची, तिला तो खेळ वाटे.

'पास' नावाच्या औषधाच्या त्या मोठाल्या गोळ्यांनी मळमळायचं. सुयांनी कानात रातकिड्यासारखे आवाज सुरू झाले. "झिंगूर बसला आहे वं कानात, रातदिन वाजते," त्या म्हणायच्या. पण एकही दिवस चुकवला नाही. मी कोराडीच्या देवीला नवस बोलले, अक्कांना बरं वाटू दे, तुझी ओटी भरीन. काटोलची संत्री आली की आमच्या घरचे टोपलीभर आणत आणि अक्का सालं चुलीत टाकून त्यांचा वास घेत बसत. ती चूल आता नुसत्या चहाची होती. हंडा कोपऱ्यात पालथा पडला होता. त्याच्याकडे पाहायचं त्या टाळत.

हळूहळू ताप गेला. खोकला गेला. अंगावर मांस आलं. आणि पावसाळा सरता सरता एक दिवस दवाखान्यातून त्या एकट्याच चालत आल्या. दारातूनच ओरडल्या, "प्रेमिले! पाणी साफ आलं!"

काचेवर लाल काही दिसलं नव्हतं. कृष्णकांतभाऊंनी तसं सांगितलं होतं. आमच्या घरच्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्याच आठवड्यात मी कोराडीला जाऊन ओटी भरली. परत आले तर परसात धूर. हंडा चुलीवर चढला होता आणि अक्का काठी घेऊन उभ्या होत्या. नवरात्राच्या लुगड्यांसाठी गल्लीत लाल सूत हवंच होतं.

मला बरं वाटलं. घर पुन्हा घरासारखं झालं असं वाटलं. गोळ्या बंद झाल्याचं कळायला मला दोनचार दिवस लागले.

"अक्का, गोळी घेतली का?"

"आता कायची गोळी वं? पाणी साफ आलं ना."

"पण दीड वर्ष सांगितलं होतं भाऊंनी."

"साफ व्हायले दीड वर्ष लागते म्हणे ते. माझं आधीच झालं. मी काय कोणाचं ऐकत नाही असं नाही. पण साफ पाण्यावर आच देत राह्यलं तर काय होते, हे मले कोणी शिकवावं का? सूत मरते. पाह्य माझे कान. पाह्य पोटात काही ठरते का. आता आणखी उकळलं तर मी मरन."

मी देवीची शपथ घातली. तर म्हणाल्या, "देवीले मधात आणू नको. तिनंच साफ केलं. तूच तर ओटी भरून आली." आमच्या घरच्यांनी दोन दिवस वाद घातला, तिसऱ्या दिवशी सोडून दिला. समोर एक धडधाकट बाई हंडा ढवळत असेल तर तिला आजारी आहेस म्हणून किती दिवस सांगणार?

औषध न्यायला अक्का आल्या नाहीत म्हणून कृष्णकांतभाऊ स्वतः सायकलवर आले. अक्का परातीत लड्या पिळत होत्या.

"काय जी भाऊ, रस्ता चुकले?"

"रस्ता तुम्ही चुकल्या अक्का. मी तर बरोबर आलो."

"तुम्हीच म्हणाले ना, लाल काही दिसलं नाही?"

"काचेवर दिसलं नाही म्हटलं. छातीत नाही असं म्हटलं का? एका थेंबात हजारांनी असले तेव्हा कुठं काचेवर एखादा दिसते."

"मंग मी कोणत्या पाण्यावर भरवसा ठेवू? मी लडी धुते, पाणी साफ आलं का हंडा उतरवते. लडी फाडून पाहते का, आत काही उरलं का म्हणून? उरलं तर उरलं. तेवढ्यानं काही बिघडत नाही."

कृष्णकांतभाऊ परातीजवळ उकिडवे बसले. "लडीत उरलेला रंग वाढत नाही अक्का. हे जिवंत आहे. हे उरलं तर वाढते. भिंतीच्या आत झोपून आहे, तुम्ही आच काढली का उठन."

अक्का थांबल्या. क्षणभर मला वाटलं, पटलं. त्यांच्या हातातून लाल पाणी परातीत ठिबकत होतं. मग त्या मान हलवून म्हणाल्या, "भाऊ, तुमचं काम तुम्ही जाणता. पण हे अंग माझं आहे. याचं सूत किती ताण सोसते ते मी जाणते. प्रेमिले, भाऊले चहा ठेव."

भाऊंनी आणलेली गोळ्यांची पुडी अक्कांनी ठेवून घेतली. कृष्णकांतभाऊंचा मान राखायला. ते गेल्यावर ती पुडी कोनाड्यात जशी ठेवली तशी राहिली.

पुढचं वर्ष फार चांगलं गेलं, हे खोटं कशाला सांगू? अक्कांच्या हाताला इतका खोल लाल पूर्वी कधी आला नव्हता. उमरेडहून लोक सूत घेऊन येऊ लागले. नवऱ्याच्या गल्लीतले लोक आले तेव्हा अक्कांनी भाव मुद्दाम चढा सांगितला. "तिकडचं सूत मले सोसत नाही जी," म्हणून त्यांना तासभर उभं ठेवलं आणि मग हसत हसत काम घेतलं. अरुंधती आता बेधडक त्यांच्या मांडीवर बसायची. रात्री त्यांच्याजवळ झोपायची. वाघ गेला होता.

एकाहत्तरची दिवाळी झाली आणि खोकला परत आला. या वेळी अक्का कोणाला न सांगता स्वतः दवाखान्यात गेल्या. मी मागून धावतच गेले. कृष्णकांतभाऊ दुर्बिणीवरून मान वर करत नव्हते.

"दाखवा," अक्का म्हणाल्या.

"काय पाहता अक्का."

"दाखवा ना जी."

त्यांनी पाहिलं. या वेळी मला पाहू दिलं नाही. "मागच्यापेक्षा जास्त आहे," एवढंच म्हणाल्या.

तेच औषध पुन्हा सुरू झालं. हंडा पुन्हा पालथा पडला. अक्का पुन्हा पडवीत. महिने गेले, दर वेळी काचेवर लाल. डॉक्टरांनी थुंकी मोठ्या तपासणीला पाठवली. त्याचा निकाल यायलाही फार दिवस लागले. जंतू वाढायलाच इतका वेळ घेतात, तेही त्या मेणाच्या भिंतीमुळेच, असं कृष्णकांतभाऊ म्हणाले. निकाल आला तेव्हा ते आमच्या घरी आले, पडवीच्या पायरीवर बसले आणि हातातला कागद उलटसुलट करत राहिले.

"सांगा भाऊ. गिऱ्हाईक पळून नाही जात."

"जे उरले होते ना अक्का, त्याइले या गोळ्यांची सवय झाली. आता गोळी त्याइचं काही करत नाही."

अक्कांनी कोपऱ्यातल्या पालथ्या हंड्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "अर्धी आच दिली मी. अर्ध्या आचेनं सूत कोरंही राहत नाही अन् रंगतही नाही. वाया जाते." आणि पुढे म्हणाल्या, "माझ्या बापानं सुताचं शिकवलं होतं. याचं नव्हतं शिकवलं."

दुसरी औषधं होती. मुंबईहून यायची. ती पोटात ठरत नव्हती, घेतली की उलटून पडायची. तरी अक्का घ्यायच्या. पुन्हा घ्यायच्या. हंड्याशी दिवसभर उभी राहणारी ती बाई भिंत धरून मोरीपर्यंत जायची.

डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना तपासायला बोलावलं. आमच्या घरचे, मी, अरुंधतीच्या पाठचा धाकटा, आम्ही ठीक निघालो. अरुंधतीच्या छातीच्या फोटोत डाग निघाला.

ही गोष्ट अक्कांपासून लपवायची असं आमचं ठरलं होतं. पण पोरगीच सांगून आली. पडवीच्या दाराशी उभं राहून, मोठ्या ऐटीत म्हणाली, "आत्या, मले पण गोळ्या भेटल्या. तुझ्यासारख्या."

अक्कांनी तिच्याकडे पाहिलं. मग तोंडावर पदर घेतला आणि भिंतीकडे वळल्या. इतक्या वर्षांत, उमरेडहून आल्या त्या दिवशीसुद्धा, त्यांना कोणी रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही आवाज झाला नाही. पाठ तेवढी हलत होती. अरुंधती "आत्या, वाघ आहे का?" असं विचारत राहिली. मी तिला उचलून आत नेलं.

संध्याकाळी त्यांनी भावाला हाक मारली. "देवाजी, मले भरती कर."

"घरीच राह्य ना अक्का. मी दुसरीकडे खोली पाहतो पोरांसाठी. वाडीले भेटते भाड्यानं."

"पोरांनी काहून जावं? मी जाते. घरात दोघं खोकायले नको." आणि भाऊ रडू लागला तर त्याच्यावरच चिडल्या. "काय बाईसारखा करून राहिला गा! रिक्षा बोलाव."

सकाळी रिक्षा आली. अक्कांनी परसात जाऊन हंडा सरळ केला, आत वाकून पाहिलं. मग मला म्हणाल्या, "बाजूच्या रुख्माबाईच्या सुनेले देऊन टाक. तिचा हात बरा आहे. पण तिले म्हणावं, मजेंटा जवळ येऊ देऊ नको." आणि मागे न पाहता रिक्षात बसल्या. पाहुणी व्हायचं नाही म्हणणारी ती बाई स्वतःच्या पायांनी घराबाहेर गेली.

वॉर्डात मी दर दोनतीन दिवसांनी जायची. संत्री न्यायची, त्या सोलायला सांगायच्या, खायच्या मात्र एखादीच फोड. स्वतःच्या दुखण्याचं त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मी खाटेजवळ गेले की पहिला प्रश्न एकच.

"पोट्टीनं गोळी घेतली?"

"घेतली अक्का."

"तोंड उघडून पाह्यलं का? जिभेखाली ठेवत असन. मी ठेवत होती ना पह्यले पह्यले, कडू लागे तर."

"पाहिलं."

"वजन?"

"वाढलं थोडं. चांगली खेळते."

तेव्हा त्या माझं मनगट धरायच्या. हाताला आता रंग नव्हता. नखांच्या कडेला उरला होता तेवढाच. "ऐक प्रेमिले. खेळन, हसन, डॉक्टर म्हणतीन साफ आहे. तरी सोडू नको. माझ्यासारखं कोणी येऊन सांगन, आता कायले देते म्हणून, त्याचं ऐकू नको. देवीनं स्वप्नात येऊन सांगतलं तरी ऐकू नको."

"असं बोलू नका अक्का."

"देवी रागावणार नाही. मी तिले सांगते जाऊन."

भाद्रपदात त्या गेल्या. पहाटे निरोप आला. कृष्णकांतभाऊ दवाखान्यातून थेट आले, तिरडीला खांदा दिला, गंगाबाई घाटापर्यंत चालत गेले. उमरेडला कळवलं होतं. तिकडून कोणी आलं नाही. गल्लीतले माग त्या दिवशी बंद राहिले.

घाटावरून माणसं परत आली, आंघोळी झाल्या. घरात चूल नव्हती, शेजारून पिठलंभात आला होता. सुतक म्हणून मी देवघराचा पडदा ओढून घेतला होता. लग्नानंतर माझी पूजा चुकल्याचे दिवस मोजकेच, त्यांतला तो एक. न देवाला फूल, न तुळशीला पाणी. पण हात सवयीने कोनाड्याकडे गेला आणि मी गोळी काढली.

अरुंधती भिंतीशी बसून होती. रडून डोळे सुजले होते. तिने पडद्याकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं.

"आई, आज तर देवालेही काही दिलं नाही तू," ती म्हणाली. "मंग मले गोळी काहून?"

"घे," मी म्हटलं.

तिने घेतली. पाणी प्याली. मी तिची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं, आणि जीभ वर उचलायला लावून पाहिलं.